माऊस सुधारायचाय? मग आधी स्क्रीनकडे बघा

कर्सर हलवायला हातच कशाला पाहिजे, हा प्रश्न १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये खरोखर विचारला गेला होता. डग्लस एंगलबार्टच्या टीमने टेबलाखाली एक दांडी बसवली, गुडघा डावीउजवीकडे हलवला की कर्सर आडवा सरकायचा आणि पाऊल वरखाली केलं की उभा. कर्सर हलवायला कुठलं साधन सगळ्यात चांगलं, याची ही तुलना नासाच्या पैशातून चालली होती. गुडघ्याच्या जोडीला लाईट पेन होता, जॉयस्टिक होती आणि त्याच टीममधल्या बिल इंग्लिशने १९६४ मध्ये बनवलेला एक लाकडी ठोकळा होता, त्याच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाकं. नवख्या लोकांना गुडघा बऱ्यापैकी जमला म्हणे! लाईट पेनही फास्ट होता, पण प्रत्येक वेळी पेन उचला, हात स्क्रीनपर्यंत न्या, तिथे अधांतरी धरून ठेवा, असं दिवसभर केलं तर दंड भरून येणारच. हात बसलेल्या लोकांकडे मात्र ठोकळा जिंकला. तोच आपला माऊस, १९६८ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर आला आणि १९७० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पहिल्या मॉडेलची वायर मागून, म्हणजे मनगटाच्या बाजूने निघायची, ती सारखी आडवी येते म्हणून पुढे नेली. माऊसच्या डिझाईनमधली बहुतेक ही पहिली सुधारणा, आणि साधी असली तरी एकदम मुद्द्याची.

त्यानंतर सुधारणांची रांगच लागली. चाकं जाऊन बॉल आला. ज्यांनी एमएस-सीआयटी बॉलवाल्या माऊसवर केलीय त्यांना आतल्या रोलरवर चिकटलेला काळा मळ नखाने खरवडायचं काम आठवत असेल, कर्सर अडकला की माऊस उलटा करायचा, गोल झाकण फिरवायचं, बॉल हातात घ्यायचा. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने साध्या टेबलावर चालणारा ऑप्टिकल माऊस बाजारात आणला आणि हा उद्योग हळूहळू संपला. त्या माऊसच्या पोटात अगदी छोटा कॅमेरा असतो, लाल लाईटच्या उजेडात तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला १५०० फोटो काढायचा आणि दोन फोटोंमध्ये खडबडीतपणाची नक्षी किती सरकली यावरून हात किती हलला ते काढायचा. साध्या काचेवर असा माऊस का गडबडतो तेही यातच आलं, गुळगुळीत स्वच्छ काचेवर ओळखण्यासारखी नक्षीच नसते.

पण खरी मजा वेगळीच आहे. माऊस कितीही भारी झाला तरी एखाद्या बटणावर कर्सर नेऊन टेकवायचा वेळ त्या प्रमाणात काही कमी होत नाही. हे १९७८ मध्येच कळून चुकलं होतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. पॉल फिट्स नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्याने १९५४ मध्ये एक प्रयोग छापला, तेव्हा माऊस जन्माला पण आलेला नव्हता. माणसाच्या हातात धातूची काडी द्यायची आणि समोरच्या दोन पट्ट्यांवर आलटून पालटून टकटक करायला सांगायची, जमेल तेवढ्या भराभर. मग पट्ट्या लांब न्यायच्या, जवळ आणायच्या, रुंद करायच्या, अरुंद करायच्या आणि वेळ मोजत बसायचं. निष्कर्ष असा निघाला की लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. अंतर दुप्पट केलं आणि टार्गेटही दुप्पट रुंद केलं तर वेळ तेवढाच! आणि नुसतं अंतर दुप्पट केलं तर वेळ दुप्पट होत नाही, दर दुपटीला एक ठराविक भर पडते, म्हणजे लॉगरिदमचा हिशोब. कॅरम खेळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, सोंगटी किती लांब आहे याच्याइतकंच पॉकेटचं तोंड किती मोकळं आहे यावरही ठरतं.

आता १९७८. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या रिसर्च सेंटरमध्ये स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश (हो, तोच ठोकळावाला, तो तिकडे गेला होता) आणि बेटी बर यांनी माऊस, जॉयस्टिक आणि कर्सर हलवायच्या दोन प्रकारच्या कीज यांची शर्यत लावली. माऊस सगळ्यात फास्ट आला आणि चुकाही त्यात सगळ्यात कमी झाल्या, यात काही नवल नाही. नवल पुढे आहे. माऊसचे आकडे फिट्सच्या सूत्रात बसवले तर ते नुसत्या हाताने बोट दाखवायच्या वेगाच्या जवळपास जाऊन पोचले, म्हणजे डोळा बघतो, मेंदू अंदाज घेतो, हात थोडा जास्त जातो, परत मागे येतो, या सगळ्याला जो वेळ लागतो तोच माऊसचा वेळ. यंत्रामुळे होणारा उशीर जवळपास उरलाच नव्हता. त्यामुळे यापुढे माऊसमध्ये कितीही महागडा सेन्सर टाका, हात आपलाच राहणार, आणि मेंदूला अपग्रेड अजून आलेलं नाही.

मग करायचं काय? सूत्रात दोनच गोष्टी आहेत, अंतर आणि रुंदी, आणि दोन्ही स्क्रीनवर असतात. ज्या सुधारणांनी माऊस वापरणं खरंच सोपं झालं, त्यातल्या बऱ्याचशा इथूनच आल्यात असं माझं ठाम मत आहे.

स्क्रोल व्हीलच घ्या. मायक्रोसॉफ्टचा एरिक मिशेलमन १९९३ च्या सुमारास एक्सेल वापरणारे लोक मोठमोठ्या शीटमध्ये कसे भटकतात ते बघत होता, त्यातून झूमसाठी काहीतरी वेगळं नियंत्रण पाहिजे ही कल्पना निघाली आणि होता होता १९९६ मध्ये इंटेलिमाऊसवर चाक आलं. त्याआधी पान खाली सरकवायचं म्हणजे काम सोडून कर्सर उजव्या कडेला न्यायचा, तिथली बोटभर पण नसलेली पट्टी पकडायची, ओढायची, परत कामाच्या जागी यायचं. टार्गेट दूर आणि शिवाय अरुंद, म्हणजे फिट्सच्या हिशोबाने सगळ्यात वाईट. चाकाने ती खेपच रद्द केली, तर्जनी जिथे असते तिथेच सगळं.

दुसरं उदाहरण स्क्रीनच्या कडांचं. कर्सर कडेच्या बाहेर जात नाही, त्यामुळे कडेला चिकटलेलं बटण त्या दिशेने अमर्याद मोठं होतं, हात कितीही जोरात ढकला, कर्सर तिथेच जाऊन थांबणार. मॅकचा मेनू पहिल्यापासून स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला आहे तो यामुळेच सोपा पडतो. विंडोजवर करून बघा, ब्राउझर फुल स्क्रीनएवढा मोठा करा आणि न बघता कर्सर उजव्या वरच्या कोपऱ्यात भिरकावून क्लिक करा, खिडकी बंद (आधी काम सेव्ह करा म्हणजे झालं). विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण कोपऱ्यात तर होतं, पण कडेपासून दोन-चार ठिपके जागा सोडून! म्हणजे कर्सर अगदी कोपऱ्यात गेला की क्लिक फुकट. पुढे ते दुरुस्त झालं, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण उचलून मधोमध आणून ठेवलं. दिसायला छान आहे, पण कोपऱ्याचा फायदा गेला तो गेलाच.

सबमेनूचा वैताग तर सगळ्यांनीच भोगलाय. मेनूवर गेलो, बाजूला दुसरा मेनू उघडला, त्याच्या खालच्या ओळीकडे तिरकं निघालो की वाटेत दुसऱ्या ओळीला धक्का लागतो आणि सगळं गायब. ॲपलच्या ब्रूस टोग्नाझिनीने मॅकसाठी यावर छान उपाय काढला होता, कर्सर सबमेनूच्या दिशेने तिरका सरकत असेल तर मध्ये एक अदृश्य त्रिकोण धरायचा आणि त्या त्रिकोणात आहे तोवर मेनू बंद करायचा नाही. आजही कित्येक वेबसाईटवाल्यांना हा त्रिकोण माहीत नसावा असं त्यांचे मेनू वापरताना वाटतं.

टोरोंटो विद्यापीठातल्या टोवी ग्रॉसमन आणि रवीन बालकृष्णन यांनी २००५ मध्ये तर कर्सरच बदलून टाकला. टोकदार बाणाऐवजी फुगा, तो आजूबाजूचं बघून फुगतो किंवा आकसतो आणि नेहमी सगळ्यात जवळचं एकच टार्गेट पकडतो. मोकळ्या जागेत नेम धरायची गरजच उरत नाही. मला ही आयडिया फार आवडते, पण आपल्या स्क्रीनवर बटणं इतकी खेटून असतात की फुग्याला फुगायला जागा कुठे मिळणार.

बाकी उभा धरायचा माऊस हा वेगळा विषय आहे, त्यात वेगाचा नाही तर हाताचा प्रश्न असतो, साधा माऊस धरताना तळहात जमिनीकडे वळवून ठेवावा लागतो आणि कोपरापासून पुढचा हात पिळला जातो, उभ्या माऊसमध्ये हात शेकहँड केल्यासारखा राहतो.

आणि रुंदी वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय तर फुकटच आहे. ऑनलाईन फॉर्ममध्ये "मला अटी मान्य आहेत" च्या शेजारी तो इवलासा चौकोन असतो ना, त्या वाक्यावर कुठेही क्लिक केलं तरी टिक व्हायला पाहिजे, वेब पेज लिहिणाऱ्याने चौकोन आणि वाक्य कोडमध्ये एकमेकांना जोडलं की झालं. ही सोय वेबवर कित्येक वर्षांपासून आहे, तरी एवढ्यात एक फॉर्म भरला त्यात असे बारा चौकोन होते आणि बाराच्या बारा वेळा नेम धरावा लागला.