पोट पुढे आलं म्हणजे मुलगा?

रत्नागिरीकडे डोहाळजेवण असलं की दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतातच. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ म्हणून ठीक, पण मग शेजारची काकी पोटाकडे बघून निकाल देते: "पुढे टोकदार आलंय, मुलगाच!" कैरी नि आमसुलं खावीशी वाटली तर आणखी एक पुरावा.

लिंग ठरतं ते गर्भधारणेच्या क्षणीच, वडिलांच्या शुक्राणूतून एक्स गुणसूत्र आलं की वाय यावरून. आईकडून नेहमी एक्सच येतं. (म्हणजे "हिला मुलीच होतात" हा टोमणाही चुकीच्या माणसाला.) पोटाचा आकार पोटाच्या स्नायूंची ताकद, बाळाची स्थिती, आईची उंची यांवर असतो. पहिलटकरणीचे स्नायू घट्ट असतात, म्हणून पोट वर दिसतं. दुसऱ्या खेपेला तेच खाली येतं. ठोके जास्त तर मुलगी, हेही तसंच: मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके दोघांचेही असतात.

मग काकीचे अंदाज खरे कसे ठरतात? डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणारच. चुकलेले कोण लक्षात ठेवतो!

सोनोग्राफीत लिंग विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. वाटीतल्या बर्फीला मात्र कुठलाच कायदा लागू नाही.