पित्ताची पिशवीच का काढतात?

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की बहुतेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, नुसते खडे काढले तर नाही का चालणार? मूतखडे काढतात तसे?" प्रश्न रास्त आहे. या शस्त्रक्रियेची सुरुवातही तशीच झाली होती.

१८६७ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये जॉन बॉब्ज यांनी अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. निघाली खड्यांनी भरलेली पित्ताची पिशवी. त्यांनी खडे काढले, पिशवी शिवली. बाई वाचली. पण पिशवी जागेवर राहिली की खडे पुन्हा होऊ शकतात, ही अडचण उरलीच.

बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयातले कार्ल लांगेनबुख यांचं म्हणणं सरळ होतं: पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, पिशवीत खडे बनतात म्हणून ती काढायची. पित्त तयार होतं यकृतात. पिशवी ते साठवते आणि दाट करते. तिच्यावाचून जगता येतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून सतराव्या शतकातच दिसलं होतं. लांगेनबुख यांनी आधी मृतदेहांवर सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजी सोळा वर्षं दुखणं सोसलेल्या ४३ वर्षांच्या माणसाची पिशवी काढली. दुसऱ्या दिवशी तो सिगार ओढत होता! पुढची शंभर वर्षं मोठा छेद घेऊन हीच शस्त्रक्रिया होत राहिली.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या बोब्लिंगेनमध्ये एरिक म्युहे यांनी ती मोठ्या छेदाऐवजी छोट्या छेदातून दुर्बीण घालून केली. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या परिषदेत त्यांची अवहेलना झाली, एका रुग्णाच्या मृत्यूवरून खटलाही चालला. शेवटी ते निर्दोष सुटले. १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा गौरव केला, पण मधली वर्षं त्यांना कोण परत देणार? तोवर फ्रान्समधल्या सर्जनांनी ही पद्धत जगभर पोचवली होती.

भारतात ती आली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेमतन उडवाडिया तिथे १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते, म्हणजे हात आधीच बसलेला होता. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती जागा: सरकारी रुग्णालय. हातावर पोट असणाऱ्याला छोटी जखम म्हणजे लवकर कामावर जाणं, आणि असे रुग्ण तिथेच येत होते.