पीएचक्यू-९ मध्ये १० गुण आले म्हणजे नैराश्य आहे का?

नैराश्याची ऑनलाइन चाचणी बहुतेकदा बनावट नसते. ती असते पीएचक्यू-९, डॉक्टरही वापरतात तीच प्रश्नावली. घोटाळा होतो तो आकड्याचा अर्थ लावताना.

गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी अशा नऊ तक्रारींनी किती दिवस छळलं, यावर प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर पुढे तपासायचं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात या सीमारेषेवर ८८ टक्के रुग्ण बरोबर सापडले आणि नैराश्य नसलेले ८८ टक्के बरोबर सुटले. मग दहा गुण म्हणजे नैराश्याची शक्यता ८८ टक्के? इथेच गफलत होते.

हजार जणांनी चाचणी दिली आणि त्यांत ५० जणांना खरंच नैराश्य आहे असं धरू. त्यांतले ४४ सापडतील, ६ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जण, उगाच अडकतील. दहा किंवा जास्त गुण मिळालेले एकूण १५८, त्यांत खरे ४४. शंभरात जेमतेम २८! आता हीच प्रश्नावली मानसोपचाराच्या ओपीडीत द्या, जिथे हजारात ५०० जणांना नैराश्य आहे. खरे ४४०, चुकून अडकलेले ६०. शक्यता थेट ८८ टक्के. प्रश्न तेच, गुण तेच, फक्त चाळणीत टाकलेलं धान्य वेगळं.

अडकणारे ११४ कोण? थायरॉइड मंदावलेले, रक्त कमी असलेले, तान्ह्या बाळामुळे रात्रभर जागणारे. थकवा, झोप आणि भूक या तीन प्रश्नांतच ९ गुण जमू शकतात.

नववा प्रश्न मात्र या गणितात बसत नाही. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा हेल्पलाइनवर बोलावं. हा प्रश्नच गाळलेला असेल तर ती पीएचक्यू-९ नव्हे. निकालाला ‘निदान’ म्हणणारं किंवा त्याखाली लगेच कोर्स विकणारं पान सरळ बंद करावं.

‘ही पाच लक्षणं म्हणजे एडीएचडी’ (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) छापाच्या व्हिडिओंना तर चाळणीही नसते. टिकटॉकवरचे या विषयाचे सर्वांत लोकप्रिय १०० व्हिडिओ संशोधकांनी तपासले, त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले (२०२२). तरी ते ‘अगदी माझंच वर्णन’ वाटतात. फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचा स्वभाव’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. राशिभविष्य खपतं ते याच जोरावर.

प्रश्नावलीच्या तळाशी एक बिनगुणांचा प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय? बरेच जण तो सोडून देतात. डॉक्टरांकडे जाताना बेरजेबरोबर याचं उत्तरही लिहून न्यावं.