बर्फात ठेवलेलं पातेलं

कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बिअर करताना आधी डोळ्यांत भरतो तो सिलिंडर. शेगडी धडधडत असते आणि तिला गॅस पुरवणाऱ्या सिलिंडरच्या खालच्या अंगावर पांढरं हिम चढत जातं. बोट फिरवलं तर नखात बर्फाचा भुगा येतो. थोड्या वेळाने ज्योत मंदावते, पण गॅस संपलेला नसतो. आतल्या द्रवाला वायू होण्यासाठी उष्णता लागते आणि ती तो स्वतःतून आणि भोवतालच्या हवेतून घेतो. हवाच गार असली की द्रव आणखी थंड होतो, त्याचा बाष्पदाब, म्हणजे वायूला बाहेर ढकलणारा दाब, घसरतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे पाणी गोठायच्या सुमारास तो जवळजवळ निकामी होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून हिवाळ्यात तोच हवा. शेगडी घरात घ्यायचा मोह मात्र अजिबात नको. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो माणसाचा जीव घेतो.

मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. स्टार्चची साखर करणारी दोन एन्झाइम्स इथे कामाला लागतात. बीटा-अमायलेजला साठीतलं तापमान मानवतं, अल्फा-अमायलेजला सत्तरच्या आसपासचं. दोन-तीन अंश इकडे तिकडे झाले की बिअरची चव आणि अंग दोन्ही बदलतात. आता हिशेब पाहा. ५ किलो माल्ट उष्णतेच्या बाबतीत जेमतेम २ लिटर पाण्याइतकं असतं. ते २० अंशांवर असेल तर १५ लिटर पाणी ७२ अंशांचं लागतं. तेच रात्रभर बाहेर राहून शून्यावर आलं असेल तर जवळपास ७५. थंड भांडं खेचून घेतं ती उष्णता वेगळीच. म्हणून माल्ट आदल्या रात्री घरात ठेवावं, भांडं गरम पाण्याने विसळावं, वरून जाड रजई गुंडाळावी. वारा असेल तर आडोसा आधी बघावा. माझ्या मते थंडीपेक्षा वाराच जास्त नडतो.

पुढे माल्टातून गाळून घेतलेल्या गोड रसाला उकळी. थंड हवेत वाफेचे लोट फार लवकर दिसतात, कारण वाफ लगेच थिजून तिचे बारीक थेंब होतात. द्रव सत्तर अंशांवर असतानाच उकळतोय असं वाटतं. विश्वास थर्मामीटरवर ठेवावा.

यानंतर तो गोड रस, म्हणजे वॉर्ट, झटपट २० अंशांपर्यंत उतरवायचा असतो, नाहीतर कोमट रसात नको ते जिवाणू आधी घर करतात. भोवती हातभर बर्फ पडलेला असतो. पातेलं त्यात रोवलं की काम झालं, असं कुणालाही वाटेल.

तसं होत नाही. पातेल्याला टेकलेला बर्फ वितळून खाली झिरपतो आणि कडेला बोटभर पोकळी उरते. पोकळीत हवा, आणि पलीकडच्या ताज्या भुसभुशीत बर्फातही दहातले नऊ भाग हवाच. हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही. थंडीपासून बचाव करायला प्राणी बर्फात बिळं करतात ती याच गुणामुळे, आणि आपण नेमका त्यातच रस निववायला ठेवलेला असतो! बर्फाच्या अंगात ताकद मात्र भरपूर आहे: एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. २० लिटर वॉर्ट शंभरावरून विसावर आणायला कागदावर १६ किलो बर्फ पुरतो. फक्त तो पातेल्याला भिडला पाहिजे, म्हणून मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात बर्फ कालवावा, पातेलं त्यात ठेवून आतला रस आणि बाहेरचं पाणी दोन्ही ढवळत राहावं. तांब्याची वेटोळी नळी असेल तर आणखी उत्तम. हिवाळ्यात नळाचं पाणी मुळातच गार असतं. काम उरकताच नळी निथळून रिकामी करावी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तांबं फोडतं.

यीस्ट घातल्यावर भांडं बाहेर ठेवू नये. लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली बिअर, करणाऱ्या यीस्टला ८ ते १३ अंश मानवतात, पण ते स्थिर हवेत. रात्री गोठणं आणि दुपारी ऊन हे त्याला सोसत नाही. शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे थर्मामीटर खोलीत टांगण्यापेक्षा भांड्याला चिकटवावा.

या यीस्टचा थंडीशी संबंध जुना आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करायला बंदी आली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढीच मुभा. गारठ्यात टिकणारं यीस्ट तिथल्या पिंपांमध्ये पक्कं रुजत गेलं. ते संकरित आहे. त्याचा एक पूर्वज बिअरचं आणि पावाचं नेहमीचं यीस्ट. दुसरा, थंडी सोसणारा, कोण ते कितीतरी काळ कळत नव्हतं. २०११ मध्ये तो सापडला, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाच्या थंड जंगलात, बीच नावाच्या झाडांवरच्या गाठींमध्ये.