दिवाळीचे गिफ्ट हॅम्पर घरून विकायचेत? नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

गणपती गेले की हा प्रश्न सुरू होतो, की घरचा फराळ, ड्रायफ्रूट, पणत्या, उटणं असं टोपलीत सजवून विकायचं म्हटलं तर लायसन लागतं का. टोपलीत खायची वस्तू असेल तर हो, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नोंदणी लागते, घरून केलं तरी आणि फक्त दिवाळीपुरतं केलं तरी. नुसत्या पणत्या-आकाशकंदील असतील तर ही भानगड नाही. आणि कृपया एजंटला हजार-दोन हजार देऊ नका, नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे आणि फॉर्म मोबाईलवरून सुद्धा भरता येतो.

वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर पूर्ण लायसनची गरज नाही, साधी नोंदणी पुरते. एफएसएसएआयच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर जायचं, महाराष्ट्र निवडायचं, फॉर्म ए भरायचा. व्यवसायाचा प्रकार विचारतात तिथे घाई करू नका, चकली-लाडू स्वतः बनवताय तर उत्पादक, दुसऱ्यांची सीलबंद पाकिटं आणून फक्त टोपलीत लावताय तर विक्रेता, आणि पोत्यातले काजू-बदाम आणून छोट्या डब्यांत भरताय तर ते रिपॅकिंग झालं, तेही सांगावं लागतं. कागदपत्रं म्हणाल तर पासपोर्ट साईझ फोटो, आधारसारखं ओळखपत्र, आणि ओळखपत्रावरचा पत्ता किचनच्या पत्त्याशी जुळत नसेल तर वीजबिल किंवा भाडेकरार. माहेरच्या पत्त्याचं आधार असलेल्या कितीतरी जणींचा अर्ज इथेच अडकतो, म्हणून हे आधी बघा.

अर्ज गेल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीचा आदेश काढायचा असा नियम आहे, तपासणी लागली तर ३० दिवसांत निर्णय. त्यामुळे वसुबारसेच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा नवरात्राच्या आधीच अर्ज टाकलेला बरा. नंबर १४ आकडी मिळतो, तो लेबलवर आणि बिलावर दोन्हीकडे हवा. कंपन्यांच्या मोठ्या ऑर्डरी येतात तेव्हा पहिला प्रश्न याच नंबरचा असतो, हाताला इतकी चव असलेल्या बायकांच्या ऑर्डरी एवढ्यासाठी जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

लेबलचं एक उदाहरण देते. शंकरपाळ्याच्या पाकिटावर नाव, घटक जास्त ते कमी या क्रमाने म्हणजे मैदा, साखर, तूप, दूध, मीठ, मग निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि हिरवा ठिपका. ॲलर्जीसाठी गहू आणि दूध वेगळं लिहायचं, चिवडा असेल तर शेंगदाणे. टोपलीवर तारीख टाकताना आतल्या ज्या वस्तूची मुदत सगळ्यात आधी संपते तीच टाका. पाकीटबंद माल स्वतः भरून विकणाऱ्यांना वैधमापन खात्याकडेही (वजन-मापाचे नियम बघणारं सरकारी खातं) नोंदणी करावी लागते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत, फी ५०० रुपये.

आता जीएसटी, कारण खरी गडबड इथे होते. राज्यातल्या राज्यात माल विकताय आणि उलाढाल ४० लाखांच्या आत आहे तर साधारणपणे नोंदणी नको. पण पुण्यातून बेंगळुरूला एक जरी हॅम्पर विकून कुरिअर केला तर तो आंतरराज्य पुरवठा झाला आणि तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी खायच्या मालाला नोंदणी लागते. दुसरं म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एकाच किमतीत विकल्या की त्याला मिश्र पुरवठा धरतात आणि आतल्या ज्या वस्तूचा दर सगळ्यात जास्त तोच अख्ख्या टोपलीला लागतो. सप्टेंबर २०२५ पासून ड्रायफ्रूट, फरसाण, चॉकलेट ५ टक्क्यांवर आलंय आणि कोल्ड्रिंक ४० टक्क्यांवर, म्हणजे जीएसटी नोंदणी असलेल्यांनी शोभेसाठी एक कोल्ड्रिंकची बाटली टाकली की सगळ्यावर ४०. त्यापेक्षा कोकम सरबताची बाटली टाका, आणि दर एकदा सीएला विचारून घ्या.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, सक्तीची नाही पण बँकेत कामाला येते, आधार आणि पॅन एवढंच लागतं, कागद अपलोड करायचे नाहीत आणि ती पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा.