‘बंदी’ हा एक शब्द आणि दोन्ही बाजूंचे शिक्के

शाळेतल्या पुस्तकावरून वाद उठला की ‘बंदी’ हा शब्द सर्वांत आधी येतो आणि ‘मनुवादी’, ‘फुरोगामी’, ‘डावे’ हे शिक्के त्याच्या मागोमाग. सातारा-सांगली भागाला ही रीत नवी नाही. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांना पाखंडी ठरवून पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली होती. १९४३ नंतर या दोन्ही जिल्ह्यांत (तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता) इंग्रज राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारला, म्हणजे समांतर सरकारला, खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या पायांना पत्री ठोकल्याच्या कथांमुळे, लोक ‘पत्री सरकार’ म्हणू लागले, आणि पुढे हे नाव इथे अभिमानानेही घेतले जाऊ लागले. शिक्का मारणाऱ्याच्या मनातला अर्थ त्यात टिकतोच असे नाही.

पुस्तकांच्या वादात मात्र शिक्क्याआधी ‘बंदी’ या शब्दाचीच झाडाझडती घ्यायला हवी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ नुसार (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८) राज्य सरकार कारणे नमूद करून, अधिसूचना काढून पुस्तकाच्या प्रती जप्त करू शकते आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. अभ्यासक्रमातून धडा वगळणे, पाने कमी करणे किंवा शाळेच्या कपाटातून पुस्तक काढून घेणे या गोष्टी निराळ्या आहेत. त्यांना अधिसूचना लागत नाही. वरवर सौम्य दिसणारी हीच कृती म्हणून दाद मागायला अधिक अवघड जाते. ‘पुस्तक बाजारात मिळते, मग बंदी कसली?’ असे विचारणारा आणि ‘मुलांपासून काढून घेतले, हीच बंदी’ म्हणणारा, हे दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

अमेरिकेतील वादही याच गोंधळातून गेलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा-मंडळाच्या काही सदस्यांना १९७५ साली एका परंपरावादी पालक-संघटनेच्या परिषदेत आक्षेपार्ह पुस्तकांची यादी मिळाली. पुढच्या वर्षी मंडळाने नऊ पुस्तके शाळेतून काढली आणि ही पुस्तके ‘अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ अश्लील’ असल्याचे जाहीर केले. त्या नऊंत झारच्या रशियात खोट्या आरोपाखाली तुरुंगात खितपत पडलेल्या ज्यू कारागिराची, ज्यू लेखकानेच लिहिलेली कादंबरीही होती! सरसकट मारलेला शिक्का पान उलटून पाहत नाही, हे इतके उघडपणे क्वचितच दिसते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मंडळाच्या विरोधात कौल दिला, तरी बहुमताचे असे एकच निकालपत्र तयार झाले नाही. त्यामुळे दोन्ही बाजू आजही त्या निकालाचा आधार घेतात.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण २०१२ चे आहे. एनसीईआरटी या शालेय पुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. त्यात गोगलगायीच्या रूपातील राज्यघटनेवर डॉ. आंबेडकर बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू असे चित्र होते. घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, याचा विचार विद्यार्थ्याने करावा, असा सोबतच्या मजकुराचा रोख होता. तरीही चाबकाखालच्या बाबासाहेबांचे चित्र पाहून दुखावलेल्यांना ‘असहिष्णू’ म्हणून मोकळे होणे हा आळशीपणा होता, आणि लेखकांना ‘दलितविरोधी’ म्हणणे हाही तितकाच. वादानंतर ते चित्र वगळण्याचे ठरले, तेव्हा पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली.

२०२३ साली याच पुस्तकांतून बराच मजकूर वगळला गेला, तेव्हा पुस्तके ओळखू येऊ नयेत इतकी मोडली आहेत, आपली नावे काढा, अशी मागणी या दोघांनीच केली. एनसीईआरटीने ती मान्य केली नाही. शालेय पुस्तकावर कुणा एकाचे लेखकत्व नसते, असे तिचे उत्तर होते. कलम ९५ च्या अर्थाने बंदी २०१२ साली नव्हती आणि २०२३ सालीही नव्हती.