प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी: मल्टी-क्लाउड नेटवर्किंगच्या गुंत्याची पार्श्वभूमी

दोन-तीन पब्लिक क्लाउड आणि त्यावरचे कंटेनर क्लस्टर (कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पाकीट, क्लस्टर म्हणजे ती चालवणाऱ्या मशीनचा गट) एकमेकांना जोडून देणारी सॉफ्टवेअर आज ढीगभर आहेत, पण ती एवढी का लागतात हे कळायला २०१४ पाशी जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात सांगतो. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजाने खासगी आयपीच्या तीन रेंज ठरवल्या, २००९ मध्ये ॲमेझॉनच्या ईसीटूवर (भाड्याच्या सर्व्हरवर) व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं स्वतःचं खासगी नेटवर्क, आलं, पुढे जो तो आपापलं खासगी नेटवर्क करायला लागला आणि सगळ्यांनी पत्ते त्याच तीन रेंजमधून उचलले. कोणी कोणाला जोडलेलं नव्हतं, म्हणून काही अडलं नाही.

२०१३ ला कंटेनर चालवणारं डॉकर आलं. एका मशीनवर १७२.१७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा ब्रिज (आतलं छोटं नेटवर्क), बाहेर यायचं तर मशीनचं एखादं पोर्ट कंटेनरला जोडून द्या. २०१४ मध्ये अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं गूगलचं कुबरनेटीस आलं आणि त्यात ठरलं की प्रत्येक पॉडला (एकत्र चालणाऱ्या एक-दोन कंटेनरच्या गटाला) स्वतःचा आयपी, आणि पॉड ते पॉड मध्ये नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलणं, नको. हे उगाच ठरलं नव्हतं, गूगलच्या याच्या आधीच्या अंतर्गत सिस्टीममध्ये एका मशीनवरची सगळी कामं एकच आयपी वापरायची, त्यामुळे पोर्टसुद्धा मेमरीसारखे वाटून द्यावे लागायचे आणि त्याचा सगळ्यांनाच ताप व्हायचा. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पण नियम क्लस्टरच्या आतला होता, बाहेरचं काय हे त्यात नव्हतं, आणि आयपी द्यायचं काम प्लगिनवर सोडलं. त्यावरूनही वाद झालाच, प्लगिन जोडायची पद्धत म्हणून डॉकरचं लिबनेटवर्क घ्यायचं की सीएनआय, आणि २०१६ च्या सुरुवातीला कुबरनेटीसने लिबनेटवर्क का नाही ते जाहीर लिहूनच टाकलं.

आता फ्लॅनेल या अशाच एका नेटवर्क प्लगिनची नमुना फाइल उघडून बघा, त्यात १०.२४४.०.०/१६ लिहिलेलं आहे. ६५,५३६ पत्ते, त्यातून प्रत्येक नोडला (क्लस्टरमधल्या मशीनला) /२४, म्हणजे २५६ पत्ते. लोकांनी ती फाइल जशीच्या तशी लावली, आम्हीही लावली, आणि दोन वर्षांनी दोन क्लाउडवरचे दोन क्लस्टर जोडायला बसलो तेव्हा दोन्हीकडे १०.२४४ निघालं. राउट टाकणार कुठे? एक क्लस्टर नव्याने उभा करावा लागला, दुसरा मार्गच नव्हता.

ओव्हरले, म्हणजे असलेल्या नेटवर्कच्या वर पॅकेट गुंडाळून चालवलेलं दुसरं नेटवर्क, या शब्दानेही गोंधळ घातलाय. व्हीएक्सलॅन ही गुंडाळायची पद्धत प्रत्येक पॅकेटवर साधारण ५० बाइट चढवते, म्हणून १५०० बाइटचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४५० होतो, वर दोन क्लाउडमधला आयपीसेक हा एन्क्रिप्टेड टनेल आला की अजून कमी, आणि हे नीट लावलेलं नसेल तर मोठी पॅकेट अडकतात, मग पिंग चालतं, लॉगिन होतं, मोठी फाइल मात्र मध्येच लटकते. एक ओव्हरले क्लस्टरच्या आत आणि एक क्लाउडच्या मध्ये, दोघांना नाव एकच, म्हणून चूक शोधताना माणूस भलत्याच थरात खणत बसतो.

नंतरची वर्षं याच दुरुस्तीत गेली. २०१७ ला इस्टिओ हे सर्व्हिसमधली वाहतूक सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं आणि आयपीऐवजी सर्व्हिसच्या नावावर गेटवेमधून जायचा रस्ता मिळाला, २०१८ ला अनेक व्हीपीसी एका जागी जोडणारं ॲमेझॉनचं ट्रान्झिट गेटवे, २०२० ला वायरगार्ड हे सोपं व्हीपीएन लिनक्स ५.६ मध्येच आलं. क्लस्टर जोडणाऱ्या सबमरिनरमध्ये ग्लोबलनेट नावाची सोय आहे, रेंज एकमेकांवर आल्या तर ते मध्ये नॅट करतं, म्हणजे क्लस्टरच्या आतून काढलेलं नॅट वेशीवर परत आणावं लागलं. आणि सिलियम या नेटवर्क प्लगिनमधल्या क्लस्टर मेशची (क्लस्टर जोडायच्या सोयीची) पूर्वअट तर आजही सरळ लिहिलेली आहे: प्रत्येक क्लस्टरची पॉड रेंज वेगळी हवी.